बेस एकटाच वाजला तेव्हा

आमच्या गायन पार्टीच्या गाडीतून सामान उतरतं, किस्से काही उतरत नाहीत. दर कार्यक्रमाला दोन-चार वाढतातच. बाकीचे सांगताना हसतात. मी सांगताना अजूनही पदर पिळते.

मी बेस गिटार वाजवते, जाड तारांची, खालच्या सुरात घुमणारी. शाळा सातवीपर्यंत, बेस नवऱ्यानं शिकवला. गाण्याच्या मागं राहून वाजवायची भीती नव्हती. पण मला एकटीनं वाजवायचं होतं. पार्टीचे मालक गुलाबभाऊ म्हणाले, प्रत्येक कार्यक्रमात पाच मिनिटं तुझी. लोक बसून राहिले तर ठीक, नाहीतर पुन्हा गाण्याच्या मागं.

मी लगेच हो म्हणून बसले.

*

घरी सराव सुरू केला. सासूबाई दोन दिवस गुपचूप ऐकत होत्या. तिसऱ्या दिवशी माझ्या मुलीला मांडीवर थोपटत त्यांनी विचारलं, "गाणं कधी सुरू होते वो?"

*

पहिला कार्यक्रम एकोडीला. सुरुवातच माझी. हाताला इतका घाम की बोटं तारेवरून घसरत होती. कसंबसं पूर्ण केलं. निवेदक माईकवर आला आणि गोड आवाजात म्हणाला, "साऊंड चेक झालेला आहे. आता कार्यक्रमाला सुरुवात करू."

नवरा म्हणाला, म्हणजे साऊंड तरी चांगला होता.

*

नाकाडोंगरीला मंडपाला लागूनच किराणा दुकान. मी सगळ्यात जाड तार छेडली तसा दुकानदार धावत आला. वाटलं, आता भांडतो. त्यानं हात जोडले. "ताई, वाजवा तुम्ही. फक्त एक माणूस द्या, बरण्या पकडाले."

गुलाबभाऊंनी खरंच माणूस दिला.

*

एका लग्नात साऊंडवाला नवीन होता. माझा सोलो त्याला लाइनमधली घरघर वाटली. मी वाजवत होते आणि तो एकेक वायर काढून बघत होता. शेवटी त्यानं माझीच वायर उपसली आणि आनंदानं ओरडला, "भाऊ, फॉल्ट सापडला!"

गाडीत सगळे पोट धरून हसले. गुलाबभाऊ हसले नाहीत. म्हणाले, "सानगडीले शेवटचं पाहू."

*

सानगडीला संध्याकाळी विहारासमोर कार्यक्रम होता. पुढं सतरंजीवर बाया, मांडीवर लेकरं. मी वायर तीनदा तपासली. मग डोळे मिटून, एकदम सावकाश वाजवलं.

पाच मिनिटं संपली. एक टाळी नाही.

डोळे उघडले. कुणी हलत नव्हतं. गुलाबभाऊ बाजूला उभे राहून बघत होते, गायक उठून माईककडं निघाला होता. मी गळ्यातला पट्टा काढायला लागले.

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं ओठावर बोट ठेवलं, दुसऱ्या हातानं सतरंजी दाखवली. सगळी लेकरं आडवी झालेली. ती हळूच म्हणाली, "टाळ्या नाही वाजवत आम्ही, बाई. लेकरं आत्ताच झोपले. तू थांबली काहून?"

गुलाबभाऊंनी गायकाला हाताला धरून खाली बसवलं.