अंगठ्याची दोरी

पाळणाघरातली मावशी पायाच्या अंगठ्याला दोऱ्या बांधून बसायची. छपराला लुगड्यांच्या झोळ्या टांगलेल्या, प्रत्येक झोळीची एक दोरी तिच्या पायाशी. पोर हललं की दोरी ओढली जाई आणि मावशी उठे. पाहुणे या युक्तीचं कौतुक करत. सत्तरच्या दशकात वर्ध्याजवळच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये हे पाळणाघर होतं, तिथं मी कारकून होतो. मावशीला पोरांचं रडणं ऐकू येत नाही, हे मला ठाऊक होतं.

येणार कसं? मधे टिनाची भिंत आणि पलीकडे दिवाळीपासून होळीपर्यंत धडधडणारी, कापसातून सरकी काढणारी जिन यंत्रं. "कोनाले सांगू नोको बाबूजी," ती मला दरडावायची, तेही अख्ख्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात. "मालकाले समजलं त नोकरी गेली. मंग अल्लीपूरले जाऊन भावजयीच्या दारात बसू का?" यंत्रं चालू असायची, म्हणून गुपित टिकलं.

सुट्टीच्या दिवशीही तिला चैन नसे. "कानात जिन चालूच राह्यते. याचं बटन कुठं असते, बाबूजी?"

एकदा पाळणाघराला पंखा मिळाला. एका पंख्यासाठी एक पुढारी, दोन हार आणि 'मूक सेवा' या विषयावर भाषण. भाषण ऐकू यावं म्हणून यंत्रं बंद केली. त्या धडधडीतच झोपायची सवय झालेली पोरं शांततेनं दचकून एकदम उठली. सगळ्या दोऱ्या ताणल्या. मावशीच्या कानातली जिन मात्र चालूच होती. ती नेहमीच्या आवाजात माझ्यावर ओरडली, "बाबूजी, हा बुवा कवाचा तोंड हालवून राह्यला! थांबव ना याले, लेकरं उठली!"

कामावरच्या बाया पदर तोंडात कोंबून हसल्या. मॅनेजर हसले नाहीत. ते तिच्या पाठीमागे गेले आणि हळूच म्हणाले, "मावशी, इकडे बघा." मावशी झोळी हलवत राहिली.

आठवड्याच्या आत नवी बाई आली, तरणीताठी. मावशीनं दोऱ्या सोडून तिच्या हातात दिल्या. ती हसली, "मले काऊन पाह्यजे? मले ऐकू येते ना, मावशी."

मावशी तिच्या ओठांकडे पाहत होती. "मलेबी येत होतं," म्हणाली आणि वहाणा घालून निघाली.

ती गेल्यावर मी दोन हंगाम त्या खोलीत पाय ठेवला नाही. तिसऱ्या हंगामात काही कामानं डोकावलो. पंखा खडखडत होता, यंत्रं धडधडत होती. नव्या बाईच्या अंगठ्याला एक दोरी होती. एकच. मला पाहताच तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतला.