शांतवनमामांची पंचवीस तारीख

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी कंपनीच्या नोटीस बोर्डावर पाळ्यांचा तक्ता लागला, की शांतवनमामा त्याच्यासमोर जाऊन उभे राहायचे. चष्मा कपाळावर, बोट तक्त्यावर, आणि ओठांत एकेक नाव पुटपुटत. स्वतःचं नाव ते शोधत नसत. लक्ष्मीपूजनाला आमच्यापैकी कोणाची दुसरी पाळी आली आहे, पाडव्याला कोण अडकलं आहे, हे बघून ते सरळ त्या माणसाच्या मशीनपाशी यायचे आणि म्हणायचे, "तुझी ड्युटी मी करतो. घरी जा. सणाला घरात माणूस पाहिजे. कंदील काय, दुकानातही लटकतो." ईदला रफीकची पाळी करायचे, विसर्जनाच्या दिवशी आणखी कोणाची. त्या बदल्यात वर्षातून एकच दिवस मागायचे. पंचवीस डिसेंबर, पहिली पाळी.

अंबडच्या त्या कारखान्यात आमच्या खात्यात ख्रिस्ती माणूस म्हणजे ते एकटेच. नाताळची सुट्टी नव्हती आणि वर्षअखेरीमुळे माल पाठवायची घाई असायची. त्यामुळे रजा मिळायची नाही, पण चिठ्ठीवर दोघांनी सही करून पाळी बदलून घेता यायची. ज्यानं घेतली तो आला नाही, तर ज्याची मूळ पाळी त्यानं यायचं, एवढा साधा नियम होता.

आईबापांनी यांचं नाव शांतवन कोणत्या आशेनं ठेवलं होतं कोण जाणे. एका जागी बसलेला हा माणूस मी क्वचितच पाहिला. चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायचे. डबा खाताना मध्येच उठून कोणाच्या मशीनचा आवाज बदललाय का ते ऐकून यायचे. "मामा, बसा की जरा," म्हटलं तर म्हणायचे, "बसून काय अंडी उबवायचीत?" आणि डिसेंबर लागला की विचारूच नका. सुटीच्या वेळी गेटबाहेर जाऊन घरी फोन, परत येऊन पाच मिनिटांनी पुन्हा फोन. दारावर नाताळचा तारा लावला का, माळेतला कोणता दिवा गेला, करंज्यांचं सारण केवढं केलं. एका डिसेंबरात त्यांनी अंगणातल्या जास्वंदीची जागा दोनदा बदलली आणि शेवटी ती बिचारी वाळून गेली.

दर वर्षी येशूजन्माच्या देखाव्यातल्या गव्हाणीसाठी ते स्कूटरवर घोटीला जाऊन भाताचा पेंढा आणायचे. मी एकदा म्हटलं, "एवढं लांब कशाला? आमच्या सिडकोच्या मागं गोठा आहे, तिथला कडबा घ्या." तर माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मी काहीतरी वावगं बोललो होतो. "कडबा टोचतो रे," ते म्हणाले. गव्हाणीत ठेवायचं बाळ मातीचं, वीतभर लांबीचं. त्याला टोचणार कसं, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी दहा मिनिटं समजावून सांगितलं असतं.

शरणपूर भागात त्यांचं जुनं घर होतं. खाली भाडेकरू आणि वर हे दोघं, मामा आणि विमलमावशी. मुलगी रूथ पुण्यात नर्स होती. नाताळच्या आठवड्यात आम्हा सगळ्यांना तिथं फराळाचं आमंत्रण असायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चकली, शंकरपाळे, करंज्या बघून म्हणालो, "मावशी, हे तर आमच्या दिवाळीचंच आहे." मावशी हसून म्हणाल्या, "मग आम्ही काय विलायतेहून आलो का?" माझ्या बायकोचं, सुनीताचं, त्यांच्याशी छान जमलं. करंजी तळताना फुटू नये म्हणून काय करायचं, हे ती मामांच्या फोनवर त्यांना विचारायची. मावशींकडं स्वतःचा फोन नव्हता.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मावशींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला. बोलणं तेवढं शाबूत राहिलं. मामा पहाटे उठून त्यांचं सगळं आवरायचे, शेजारणीला सांगून पाळीवर यायचे, आणि पाळी सुटली की बस थांब्यावर यायच्या आधीच दोन थांबे चालत पुढं गेलेले असायचे. त्या आजारात मावशींना एक गोष्ट लागून राहिली होती. नाताळच्या उपासनेला चर्चमध्ये जाऊन बसायचं. चार महिन्यांत त्या जिना उतरल्या नव्हत्या. मामा मला म्हणाले, "पाठीवर घेऊन उतरवीन. वजन राहिलंय कुठं तिचं? मनोहर, पंचवीस तारीख तू घे."

मी म्हटलं, "मामा, हे काय सांगणं झालं का? घेतली." घेणं भागच होतं. त्याच दिवाळीत लक्ष्मीपूजनाची माझी दुसरी पाळी त्यांनी केली होती, आजारी बायकोला घरी ठेवून. मी चिठ्ठीवर सही केली. त्या दिवसापासून ते रोज मला आठवण करून द्यायचे, आणि दिली की लगेच म्हणायचे, "तुझ्यावर भरवसा नाही असं नाही, हां. माझंच मन थाऱ्यावर नाही."

तेवीस तारखेला मी सुनीताला आणि दोन्ही मुलींना घेऊन सासुरवाडीला, नामपूरला गेलो. चोवीसला संध्याकाळी निघायचं ठरलं होतं. पण मेहुण्यानं पंचवीसला मळ्यात भरताचा बेत ठेवला. वांगी आली होती, चुलीच्या जागा साफ झाल्या होत्या, आणि सासरे म्हणाले, "पाव्हना, आजना दिन र्‍हाई जा. काय घाई शे? कंपनी काय पयी जाई?" मी हसलो. पहाटे चारला निघू, असं स्वतःशीच म्हणालो. चारचा गजर लावला, आणि गजर झाल्यावर तो बंद करून पुन्हा पांघरूण ओढून घेतलं. झोप लागून गेली असं मी अनेकांना सांगितलं आहे. तसं नव्हतं. मी जागा होतो. थंडी होती, मळा छान वाटत होता, आणि मामा काय, सगळ्यांचं सांभाळून घेतात, आपलंही घेतील, असं मला वाटलं.

सव्वासहाला मळ्यातल्या खाटेवर चहाचा कप घेऊन मी त्यांना फोन केला. म्हणालो, "मामा, पहाटे निघालो होतो, पण वाटेत देवळ्याजवळ गाडी बंद पडलीय. आज काही पोचत नाही मी."

ते म्हणाले, "लेकरं सोबत आहेत?"

"आहेत."

"थंडी आहे. त्यांना गाडीतच बसव. काचा लाव. रस्त्यावर उभं राहू नका."

"मामा, मावशींचं..."

"ते बघतो मी. पोचलास की फोन कर."

सुनीताला मी सांगितलं, की सुट्टी मिळाली. भरीत उत्तम झालं होतं. मी जेवलो मात्र कसं, ते माझं मला माहीत. दुपारभर विहिरीपाशी जाऊन यायचो, परत यायचो, मोबाइल खिशातून काढायचो आणि ठेवायचो. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमले काय मुंग्या चावी राहिन्यात का?"

सत्तावीसला मी त्यांच्या घरी गेलो. माफी कशी मागायची, त्याची वाक्यं रस्त्यात जुळवली होती. मावशी दाराजवळच्या खुर्चीत होत्या. मला बघताच त्यांचा चेहरा उजळला. "आलास का बाबा? लेकरं गारठली नाहीत ना?" मी म्हटलं, "नाही मावशी." जुळवलेली वाक्यं तिथंच संपली. मामा माझ्याकडं पाठ करून ताऱ्याची वायर सरळ करत होते. ती सरळच होती. मग त्यांनी ताट आणलं आणि म्हणाले, "खा आधी." पंचवीस तारखेबद्दल आम्ही तिघंही काही बोललो नाही. मावशी चर्चला गेल्या नाहीत, हे मला खालच्या भाडेकरणीनं जिन्यात सांगितलं.

जून महिन्यात विमलमावशी गेल्या. दुसरा झटका आला आणि दोन दिवसांत सगळं संपलं. मातीला आम्ही सगळे गेलो होतो. मामा त्या दिवशी मात्र अगदी स्थिर उभे होते, आणि ते बघून मला जास्त भीती वाटली.

पुढच्या मार्चमध्ये ते निवृत्त झाले. घर भाड्यानं देऊन पुण्याला रूथकडं राहायला गेले. फोन करतात. नातीला शाळेत सोडायला जातात आणि ती सुटायच्या तासभर आधी फाटकापाशी जाऊन थांबतात, असं रूथ सांगते. पण मला लिहायचं आहे ते त्याआधीच्या डिसेंबरबद्दल, मावशी नसलेल्या त्यांच्या पहिल्या नाताळाबद्दल.

त्या वर्षी त्यांनी तारा लावला नाही, तळण केलं नाही. त्यांच्याकडंही दुःखाच्या घरात चूल सणाची नसते, शेजारीपाजारीच फराळाचे डबे आणून देतात. ते सगळे डबे मामा कंपनीत घेऊन आले आणि वाटून टाकले. पंचवीस तारखेची पाळी घ्यायला त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. मीच सुपरवायझरकडं जाऊन चिठ्ठीवर माझं नाव घातलं आणि सकाळी पावणेसातला त्यांच्या मशीनपाशी उभा राहिलो. सातला पाच कमी असताना मामा आले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता.

"मामा, तुमची पाळी मी घेतलीय. घरी जा," मी म्हणालो.

"घरात कोण आहे?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, खरंच विचारल्यासारखं.

"मग उपासनेला तरी जा."

"तिथं सगळे तिचं विचारतील. पुढच्या रविवारी जाईन." आणि त्यांनी बाही दुमडली.

एका मशीनवर दोन माणसं उभी. मी माल लावायचो, ते मापायचे. नऊ वाजले, उपासनेची वेळ. त्यांनी घड्याळाकडं बघितलं, मग मीही बघितलं. वर्षभर मनात ठेवलेलं मला आता ठेववेना. मशीन बंद करून मी म्हणालो, "मामा, गेल्या वर्षी माझी गाडी बंद पडली नव्हती. मी सासऱ्यांच्या मळ्यात होतो. खोटं बोललो."

"माहीत आहे."

"कसं?"

"तुझ्या बायकोनं भरताचे फोटो टाकले होते स्टेटसला. डब्याच्या सुट्टीत बघितले मी. मुली छान दिसत होत्या."

मी म्हटलं, "मग मला बोलला का नाहीत? चार शिव्या द्यायच्या होत्या."

"तुला बोललो असतो तर तिला कळलं असतं."

मामांनी मापाचं यंत्र पुसून डब्यात ठेवलं. काढलं, पुन्हा पुसलं. मग हळूहळू सांगू लागले.

"तुझा फोन आला तेव्हा मी तिची वेणी घालत होतो. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून स्पीकरवर घेतला. तिनं सगळं ऐकलं. मला म्हणाली, तुम्ही जा पाळीला, उशीर करू नका. नवीन साडी नेसवून तिला खुर्चीत बसवलं आणि मी निघालो. साडेआठला शेजारच्या चौघी आल्या. म्हणाल्या, विमलबाई, आम्ही खुर्चीसकट उचलून नेतो तुम्हाला, शांतवनभाऊ नसले म्हणून काय झालं. ती गेली असती रे. चौघी धडधाकट होत्या. पण ही म्हणाली, मनोहर लेकरांना घेऊन रस्त्यात अडकलाय. तो पोचल्याचं कळेपर्यंत मी प्रार्थनेवरून उठणार नाही."

मी लावलेला माल पुन्हा सरळ करू लागलो.

"साडेचारला मी घरी आलो तर तशीच बसलेली. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. मला बघून पहिलं काय विचारलं, तर मनोहरचा फोन आला का? तू तर फोन केलाच नव्हतास. मग मीच सांगितलं तिला, आला होता, सुखरूप पोचलेत सगळे." मामांनी मशीन चालू केलं. "तेव्हा कुठं जेवली ती."