नेबोसुकेकडे पाठ

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. बाबा इथे जपानमध्ये एका भारतीय हॉटेलात आचारी आहेत आणि मराठी लिहायला मी आईजवळ शिकलो, एदोगावातल्या आमच्या स्वयंपाकघरात. माणसाचं चित्र शब्दांत काढण्याइतका माझा हात तयार नाही. शिवाय चित्रामावशींबद्दल लिहायचं तर एका घोड्याबद्दलही लिहावं लागणार, आणि घोड्यांतलं मला फारसं कळत नाही. तरी लिहितो, कारण त्या दोघांना एकत्र पाहिलेला दुसरा कुणी मराठी माणूस मला माहीत नाही.

एकत्र म्हणालो, पण चित्रामावशी शर्यतीला पाठमोऱ्या उभ्या राहत. फुनाबाशीजवळच्या मैदानावर आम्ही कठड्याशी जागा धरायचो. घोडे सुटले की त्या कठड्याला पाठ टेकवायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि गर्दीकडे तोंड करून मला विचारायच्या, "उतरला का?" तो घोडा कुंपणावरून झेपावून पलीकडे नीट उतरला की मी सांगायचो, "उतरला." त्या श्वास सोडायच्या. "पुढचं?" असं शेवटच्या कुंपणापर्यंत. शेजारी नेहमी उभे राहणारे एक जपानी आजोबा आम्हाला हसायचे. पुढे पुढे तेही मावशींच्या दिशेने मान हलवून सांगायला लागले.

ज्यांनी मावशींना कामावर पाहिलं असेल त्यांना हे खरं वाटणार नाही. त्या आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकट्या राहत आणि तोयोसुतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासत. तिथे त्यांच्या हाताखालची मुलं 'चित्रा-सान' म्हटलं की खुर्चीत सरळ बसत. "झालं असेल" हे वाक्य त्यांना चालायचं नाही. "असेल म्हणजे? डोळ्यांनी बघितलंस का?" हे त्यांचं पालुपद. माझ्या प्रवेशपरीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी मलाही तेच विचारलं. इथली मुलं आदल्या दिवशी केंद्र बघून येतात, हे आमच्या घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "मावशी, फोनवर नकाशा आहे, सापडेल." त्यांनी बूट घातले. दोन गाड्या बदलून आम्ही केंद्राच्या फाटकापर्यंत गेलो, मावशींनी फाटकाला हात लावला आणि आम्ही परत आलो. "आता झालं," म्हणाल्या.

निकाल लागल्यावर त्यांनी मला बक्षीस म्हणून मैदानावर नेलं. आईने जरा घाबरतच विचारलं, "चित्राताई, तुम्ही पैसे लावता का हो?"

"छे हो वहिनी. त्याच्या पाठीवर आधीच एक माणूस बसलेला असतो. वर माझे पैसे कशाला?"

त्याचं नाव नेबोसुके, म्हणजे झोपाळू. काळपट तपकिरी, कपाळावर पांढरा डाग. सपाट मैदानावरच्या शर्यतींत तो कधीच जिंकला नव्हता. फाटक उघडलं की सगळ्यांत शेवटी निघायचा. असे घोडे इथे अडथळ्यांच्या शर्यतीत घालून बघतात. मावशी ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर सहज गेल्या होत्या, त्या दिवशी त्याची तिथली पहिली शर्यत होती. तो पडेल म्हणून सगळे बघत होते आणि तो पहिला आला. मावशी स्वतः पुण्यात कॉलेजात शिकवायच्या. ती नोकरी गेल्यावर चाळिशी उलटताना सॉफ्टवेअर शिकून इकडे आल्या. त्या एवढंच म्हणायच्या, "सपाटीवर जमलं नाही म्हणून त्याला कुंपणं दाखवली. ती त्याला आवडली. काय करणार?"

पुढे त्याने खूप जिंकलं. हिवाळ्यातली मोठी शर्यत, मग वसंतातली, पुढच्या वर्षी पुन्हा वसंतातली. दर वेळी तसाच, अर्धी शर्यत मागे रेंगाळून. बाकीचे दमले की हा जागा व्हायचा. लोक ओरडायचे, मावशी गर्दीकडे बघत उभ्या. मी एकदा विचारलं, "एवढा जिंकतो, मग बघत का नाही?"

"अरे ओम्या, पाय बघितलेस का त्याचे? माझ्या मनगटाएवढे. ते जमिनीला लागेपर्यंत मला बघवत नाही."

त्याच वर्षी शरदात पलीकडच्या बाजूच्या कुंपणावर मी "उतरला" म्हणालो.

"पुढचं?"

"मावशी, थांबलाय."

शर्यत चालू असताना त्या पहिल्यांदाच वळल्या. जॉकी खाली उतरून त्याच्या मानेवर हात ठेवून उभा होता. नेबोसुकेने पुढचा एक पाय नुसता टेकवला होता, त्यावर भार नव्हता. जखमी घोडे न्यायची गाडी आली. आजोबा हळूच म्हणाले, "पडदा आणला नाही. म्हणजे आशा आहे." पडदा कशासाठी आणतात, हे मी विचारलं नाही; पाय मोडलेल्या घोड्याला तिथेच मारतात तेव्हा तो धरतात, हे नंतर कळलं.

संध्याकाळी कळलं की पायाची शीर दुखावली आहे, आता तो धावणार नाही. काही आठवड्यांनी शर्यतींच्या संकेतस्थळावर त्याच्या नावापुढे एक ओळ आली: सवारीसाठी रवाना. मी आनंदाने जिना चढून सांगायला गेलो. मावशींना ती ओळ मैदानावरच्या आजोबांनी फोनवर आधीच समजावली होती. अशी ओळ पुष्कळ घोड्यांच्या नावापुढे लिहितात. त्यातले काही खरोखर सवारीला जातात. बाकीचे कुठे जातात, कुणी विचारत नाही.

"कुठे रवाना? पोचला का? कुणी बघितला?" मावशी म्हणाल्या. "ओम्या, हे झालं नाही."

त्यांनी जिथे जिथे लिहिलं तिथून नम्र उत्तरं आली, आणि एकातही ठिकाण नव्हतं. हिवाळा तसाच गेला. मैदानावर जाणं थांबलं. आई म्हणायची, "असेल हो कुठेतरी सुखात." मावशी आईला उलटून बोलत नसत, चहा घेत राहत.

जूनमध्ये त्यांचं कंत्राट संपलं आणि त्या पुण्याला परत जायला निघाल्या. स्टेशनवर आई रडली. आमच्यापैकी कुणी कुठेही निघालं की "पोचलास की कळव" असं मावशी सांगायच्या. त्या दिवशी ते मी त्यांना सांगितलं. त्या हसल्या, "कळवते की." आणि फलाटाकडे गेल्या.

त्या दिवशी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन बंद. आईने त्यांच्या पुण्यातल्या बहिणीला फोन लावला, तर ती म्हणाली, "अजून आली नाही, चार दिवसांनी येते म्हणालीय." आई माझ्याकडे बघत राहिली. बाबा म्हणाले, "विमान चुकलं असेल," आणि स्वतःच पुन्हा मावशींचा नंबर लावला. मावशींच्या शेजारी राहून आम्हालाही 'असेल' पुरेनासं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, मी कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, पार्टटाइमला होतो तेव्हा, फोटो आला. पार उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचं गवताचं मैदान, लाकडी कुंपण, आणि कुंपणाला पाठ टेकवून, चष्मा कपाळावर सरकवून, मावशी. त्यांच्या मागे एक काळपट तपकिरी घोडा गवतात तोंड खुपसून उभा. कपाळ दिसत नव्हतं. मी फोटो मोठा करून पाय बघितले. चारही जमिनीवर, चारांवर भार.

घरी दाखवला तेव्हा आई डोळे पुसत म्हणाली, "बघ, इथेही पाठच केलीय त्याच्याकडे."

फोटोखाली मावशींनी लिहिलं होतं: "इथे घोडे सांभाळणाऱ्या एका राजस्थानी मुलाने पत्ता दिला. बघितल्याशिवाय सांगणार नव्हते. मान वर केली तेव्हा डागही बघितला. पोचलाय. आता उद्या मी निघते."