हुतूतू म्हणाले म्हणून

गुडघ्याला मलम चोळायला घेतला, की त्या वासासरशी जालन्यातलं कॉलेजचं मैदान आठवतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, अन् कबड्डीच्या संघातही नवीच. कुंभार पिंपळगावात आम्ही याच खेळाला हुतूतू म्हणायचो. पहिल्याच सामन्यात चढाईला गेले अन् सवयीनं तोंडातून निघालं, "हुतूतू, हुतूतू..." पंचांनी शिट्टी मारली, चढाई थांबवली अन् समोरच्या संघाला गुण दिला. त्यांची कर्णधार खिदळली, "थेट खेड्यातून आली का गं?"

आमचे सर ओरडले, "आणखी एक चूक केली, मंग बाहेर बसायचं. बिलकुल ऐकणार न्हाई!"

तेव्हा शरमेनं कान तापले होते. आज वाटतं, नियम चुकला होता माझा, त्यात शरम कसली?

पुढच्या चढाईला "कबड्डी, कबड्डी" ठासून म्हणत शिरले. धुळीनं घसा जळत होता. त्या कर्णधारालाच शिवले. तिनं पाय धरला, तरी फरफटत जाऊन मधल्या रेषेवर हात टेकवला. ती बाद झाली.

उठताना तिला म्हणाले, "व्हय, थेट खेड्यातूनच आले. आता तू बस बाहेर."