ओढ्याकाठच्या चिंचा

वळसंगच्या पुढे एका गावात मी गुरांची डॉक्टर होते. तिथं ओढ्याकाठी दोन जुन्या चिंचा होत्या आणि त्यांवर वटवाघळांची वस्ती. वरात तिथं आली की बँजोवाले आपोआप गप्प होत. चिंचा मागं पडल्या की पुन्हा धिंगाणा. पाखरं बिथरतात, एवढंच कारण. एवढी अक्कल त्या गावाला कुणा डॉक्टरशिवाय होती, म्हणून तर पुढचं जिव्हारी लागतं.

करोना आला आणि मोबाइलवर वटवाघळाचं चित्र फिरू लागलं. ग्रामपंचायतीपुढे माणसं जमली, चिंचा तोडायच्या म्हणून. मी घसा फोडून सांगितलं, "हा आजार या वटवाघळांनी आणलेला नाही. त्यांना हात लावू नका, त्यांची उष्टी फळं खाऊ नका, पण झाडं राहू द्या. त्यांची जागा मोडली की ती माणसांत येतात. नवे आजार येतात ते त्याच वाटेनं."

"तुमी लई शिकलाव, म्याडम," सरपंच म्हणाले, "पर टीव्हीवाले काय येडे हायत व्हय?"

मी तालुक्याला आमच्या खात्याच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "लोकभावना आहे, आपण मध्ये पडू नये." शास्त्र फक्त भिंतीवर पोस्टर लावण्यापुरतं! अजूनही आठवलं की डोकं फिरतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. गावानं फटाके लावून पाखरं उठवली आणि दोन्ही चिंचा आडव्या केल्या.

वटवाघळं जाणार कुठं? जवळच्याच एका आक्कांच्या उंबरावर जाऊन बसली. उंबराखाली आक्कांच्या शेळ्या, आणि शेळ्यांच्या दुधावर त्यांचं घर. आम्ही शेळ्या लगेच दुसरीकडे बांधल्या. तरी गावानं दूध बंद केलं. "तपासल्यात मी शेळ्या, दूध उकळून प्या," असं मी दारोदार सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

"झाडं त्यांनी पाडली, पाखरं माज्या डोक्यावर आणली," आक्का म्हणाल्या, "आन् रोगी मी व्हय, बाई?"

टाळेबंदी उठल्यावर आक्कांनी शेळ्या दुधनीच्या बाजारात विकायच्या ठरवल्या. त्यासाठी माझा दाखला हवा होता. तो मागायला सरपंच स्वतः दवाखान्यात आले.

"निरोगी हायत म्हणून लिवून टाका की, म्याडम. तुमच्या सईवर लोकांचा इस्वास हाय."

मी सही केली. शेळ्या निरोगीच होत्या.