राखणदाराच्या बायकोची झोप

"नवरा घरी निजाले आला अन् माही झोप गेली," असं रंभा एकदा विहिरीवर म्हणाली, आणि बाया इतक्या हसल्या की शेजारच्या रुखमाबाईच्या हातातला दोर सुटला.

रंभाच्या तोंडी लागायला गाव बिचकायचं. पण या वेळी ती थट्टा करत नव्हती. रुखमाबाईने तिचे डोळे पाहिले होते.

पोंभुर्ण्याच्या अलीकडचं हे गाव. धानाच्या बांध्या संपतात तिथे जंगल सुरू होतं. धान भरलं की रात्री रानडुकरं उतरतात, आणि त्यांच्या मागावर कधी वाघ. लग्न झाल्यापासून दर हंगामात रंभाचा नवरा मुखरू मचाणावर राखणीला जाई. थोड्या थोड्या वेळाने त्याची आरोळी यायची, लांबलचक, शेवटी जराशी फाटलेली. आरोळी आली म्हणजे मुखरू आहे. रंभा झोपेतच ती ऐकायची आणि कूस बदलायची. आरोळीला उशीर झाला तरच तिला जाग यायची.

छप्पन सालच्या कार्तिकात मुखरूला दम्याने धरलं. दवात बसू नको, छाती जाईल, असं वैद्याने बजावलं. मचाणावर त्याचा धाकटा भाऊ चैतू जाऊ लागला. चैतूचीही आरोळी यायची, पण ती चैतूची असायची. रंभाचा कान मुखरूच्या आरोळीचीच वाट पाहत राही. मुखरू शेजारच्या गोधडीत आहे हे तिला कळत होतं. कान ते मानत नव्हता.

मुखरूला हे सांगण्याची सोय नव्हती. सांगितलं असतं तर तो घोंगडं उचलून पुन्हा त्या दवात जाऊन बसला असता.

उपाय सगळ्यांनी सांगितले. रात्री दूध घे, खसखस वाटून घे. कुणी म्हणालं, मोहाची घोटभर घे. "मंग धान कोन कापन? मोह?" रंभा म्हणाली. कापणी तोंडावर आली होती. मुखरूला वाकवत नव्हतं, चैतू रात्रीचा जागा. भिस्त रंभावरच होती. आणि बैलांसाठी गवत कापताना तिला उभ्या उभ्या डुलकी लागली, विळा बोटात गेला.

रंभा बोटाला चिंधी बांधत असताना रुखमाबाईने काशाची वाटी आणली. "तेल लाव अन् हिनं तळपाय घास."

"आपले पाय आपनच घासले तर हात दुखतेत, बाई. झोप नाई येत."

"मंग दुसऱ्यानं घासावं."

"कोन? सासू तर वर गेली."

ओसरीवर मुखरू ऐकत होता. रुखमाबाई गेल्यावर तो आत आला आणि वाटी उचलली. "पाय आन."

रंभाने पाय लुगड्यात ओढून घेतले. "पाप लागन मले."

"अर्ध मी घेतो. आन."

त्याने तिचा पाय मांडीवर घेतला. वाटी फिरू लागली, काशाने तळवा काळा होऊ लागला.

"चैतूची आरोळी आली का तू दचकते," मुखरू म्हणाला. "मले ठाव हाय."

तिने दुसरा पायही पुढे केला.

"मी बी जागाच रायतो वो. त्या पोट्ट्याले बरोबर ओरडता येत नाई. डुक्कर का, मानूसबी हासन."

रंभा हसली, आणि हसता हसता तिची मान कलली. तो आहे हे आता कानाला विचारावं लागत नव्हतं. मुखरूने हात थांबवला नाही. थांबला तर ती उठेल, असं त्याला वाटलं. त्यानंतर रोज तो वाटी घेऊन बसू लागला.

कापणीच्या दिवशी बाया सकाळीच बोलवायला आल्या. दार नुसतंच लोटलेलं होतं. आत मुखरू भिंतीला टेकलेला, बायकोचा पाय मांडीवर, हातात वाटी. चैतू मचाणावर केव्हा ओरडला, केव्हा गप्प झाला, दोघांनाही पत्ता नव्हता.

"मुखरूभाऊ," बायांमधली अन्नपूर्णा म्हणाली, "आता लुगडं बी तुमीच धुता का?"

"हळू बोल," मुखरू डोळे न उघडताच म्हणाला. "निजली हाय." त्याने पाय सोडला नाही.

रंभा उठून बसली. बाया पदर तोंडाला लावून तिच्या उत्तराची वाट पाहत होत्या. तिने एकेकीकडे पाहिलं. मग मुखरूच्या अंगावर गोधडी ओढली, कुडाला खोचलेला विळा काढला, आणि काळ्या तळव्यांनी त्यांच्यामधून वाट काढत काही न बोलता बांधीकडे निघाली.