लॅनियनबाईंनी फोडलेली खिडकी

कॅथीड्रलला लागून असलेल्या त्या जुन्या शाळेत हेस्टर लॅनियन इतिहास शिकवत. इमारत मुळात मठाची. वरच्या मजल्यावर पूर्वी साधू निजत, तिथे आता बाईंचा वर्ग भरे. वर जायला एकच गोल दगडी जिना. युद्धात बाँब पडू लागले, तेव्हा वर्गाच्या खिडकीतल्या रंगीत काचा बाईंनी स्वतः उतरवून, पेंढ्यात गुंडाळून तळघरात ठेवल्या होत्या आणि युद्ध संपल्यावर पुन्हा बसवून घेतल्या होत्या. तान्ह्या पोराला कोणी इतकं जपत नाही.

युद्ध संपून दहाएक वर्षं झाली आणि हेडमास्तर थोरल्ड यांनी बाहेरून लोखंडी जिना लावायचा विषय काढला. बाई उसळल्या.

"पाचशे वर्षांच्या भिंतीला भोक पाडणार? आधी मला पाडा!"

"आणि आग लागली तर?"

"दगडाला कधी आग लागते का?"

विश्वस्तांच्या सभेत बाईंचंच खरं झालं.

पुढच्याच फेब्रुवारीत, भर वर्गात, दम्याचा क्रॅडक म्हणाला, "बाई, कसला तरी वास येतोय."

"धडा नको असला की तुला वास येतात."

पोरं हसली. तेवढ्यात दाराखालून धूर आत आला. बाईंनी दार उघडलं. खालच्या कोठाराने पेट घेतला होता आणि जिन्यातून काळा लोट वर चढत होता. त्यांनी दार लोटलं, अंगावरचा मास्तरकीचा काळा झगा फटीत कोंबला.

"खाली बसा! तोंडाला रुमाल!"

खिडकी उघडत नसे. काचा शिशाच्या पट्ट्यांत पक्क्या बसवलेल्या. खिडकीखाली, दोन माणसांच्या उंचीइतकं खोल, ओवरीचं छप्पर होतं. क्रॅडकची छाती शिट्टीसारखी वाजू लागली. मुलं एकदा खिडकीकडे बघत, एकदा बाईंकडे. काच फोडा म्हणायची कोणाची हिंमत होईना. त्या काचेला बोट लावलं तरी छडी बसायची.

बाईंनी खुर्ची उचलली. पहिला घाव हात आखडून बसला, काच नुसती तडकली.

"सरका!" त्या ओरडल्या, आणि पट्ट्या वाकेपर्यंत मारत राहिल्या.

वर्गातला थोराड बिडल आधी छपरावर उतरला, खालून झेलायला. मग एकेकाला मनगटाला धरून बाई खाली सोडू लागल्या. काचांनी त्यांचे हात सोलून निघाले.

"मला नाही जमणार," क्रॅडक रडू लागला.

"जमेल. खाली बघू नकोस. माझ्याकडे बघ."

त्याचा हात सुटला, तो बिडलच्या अंगावर पडला, उठून बसला. शेवटी बाईंनी उडी टाकली आणि घोटा मोडून घेतला.

थोरल्ड इस्पितळात आले. "काचेचे तुकडे गोळा करून ठेवलेत. जोडता येतील कदाचित."

"आधी जिना," बाई म्हणाल्या. "मी आडवी गेले म्हणून पोरं खिडकीतून लोंबली. सभेत हे मीच सांगणार. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

मार्चमध्ये, कुबड्यांवर उभं राहून, त्यांनी ते सांगितलं. जिन्याचा ठराव एकमताने झाला. दाराबाहेर क्रॅडकची आई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आभार मानायला आले होते," ती म्हणाली. "आता काय बोलावं तेच कळत नाही."

"काही बोलू नका."

बाई पायरीकडे वळल्या. क्रॅडकची आई पुढे झाली.

"बाहेर बर्फ आहे. माझा हात धरा."